कंपवाताच्या गोळ्या: महिन्याला किती, आणि पैसा नेमका जातो कुठे

आधी आकडा सांगून टाकतो. घरात कुणाला कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, असल्याचं नुकतंच कळलं आहे आणि डॉक्टरांनी लेव्होडोपा-कार्बिडोपाची साधी गोळी दिवसातून तीनदा लिहून दिली आहे, असं धरू. महिन्याला ९० गोळ्या झाल्या. ताकद आणि कंपनी बघून एक गोळी दोन-अडीच रुपयांपासून पाच-सहा रुपयांपर्यंत पडते. म्हणजे महिना दोनशे ते साडेपाचशेच्या दरम्यान. बीपी-शुगरच्या गोळ्यांवर कित्येक घरं याहून जास्त खर्च करतात.

मग या आजारानं घरं मेटाकुटीला येतात ती कशानं? गोळीनं नाही. नांदेड-हैदराबादच्या हेलपाट्यांनी, गरज नसताना काढलेल्या फोटोंनी, एकाला एक जोडत गेलेल्या महागड्या गोळ्यांनी, आणि ‘मुळापासून बरा करतो’ म्हणणाऱ्यांच्या डब्यांनी. हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला हा खर्च कुठे वाचवता येतो आणि कुठे वाचवू नये, तेवढंच इथं बघू.

लेव्होडोपा स्वस्त का, तेही समजून घ्या, नाहीतर ‘दोन रुपयांच्या गोळीनं काय होणार’ असं वाटत राहतं. कंपवातात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. लेव्होडोपा मेंदूत पोचून डोपामिन बनतं. १९६० च्या दशकापासून हे औषध वापरात आहे, त्याचं पेटंट कधीच संपलं, अनेक कंपन्या ते बनवतात. शिवाय लेव्होडोपा-कार्बिडोपा राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे त्याची कमाल किंमत सरकार ठरवतं. आणि इतक्या वर्षांत नवी औषधं किती आली तरी हालचाली मोकळ्या करण्यात याच्या तोडीचं एकही नाही. आजार ते बरा करत नाही, लक्षणं आटोक्यात ठेवतं. हे एकदा नीट कळलं की पुढचे बरेच पैसे वाचतात.

गोळी सुरू करण्याआधी घरातल्या गोळ्या तपासा

सगळ्यात स्वस्त उपचार इथे आहे आणि तोच बहुतेक वेळा राहून जातो. हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा कोरा होणं हे सगळं दुसऱ्या औषधांमुळेही होतं. आपल्याकडे त्यात तीन-चार गोळ्या हमखास सापडतात. पित्तासाठी सकाळी उपाशीपोटी घ्यायची कॅप्सूल असते ना, तिच्यापैकी काहींत लेव्होसल्पिराइड असतं. स्ट्रिपवर रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोलच्या शेजारी बारीक अक्षरात ते नाव छापलेलं असतं. चक्कर येते म्हणून दिलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड, म्हणजे अनेकांना माहीत असलेलं पेरिनॉर्म. प्रोक्लोरपेराझिन, म्हणजे स्टेमेटिल. मानसिक आजाराच्या काही गोळ्याही यात येतात. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहिलेली पित्ताची कॅप्सूल मेडिकलवरून तीच चिठ्ठी दाखवून दोन-दोन वर्षं आणत राहणारे लोक गावोगाव आहेत. अशा माणसाचा ‘कंपवात’ ती कॅप्सूल बंद झाल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरू शकतो.

तेव्हा डॉक्टरकडे जाताना रिपोर्टांच्या फाइलबरोबर घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून न्या. पावडरी, काढे, गुडघेदुखीसाठी आणलेली पुडी, सगळं. मनानं मात्र काही बंद करू नका, विशेषतः मानसिक आजाराच्या गोळ्या.

पहिली भेट: इथे काटकसर नको

कंपवाताचं निदान मुख्यतः डॉक्टर माणसाला बघून, चालवून, हात फिरवायला लावून करतात. रक्ताच्या चाचणीत तो दिसत नाही. एमआरआय प्रत्येकाला लागतोच असं नाही. लक्षणं नेहमीसारखी नसतील, पक्षाघाताची किंवा डोक्यात पाणी साठल्याची शंका असेल, तर तो काढतात आणि त्याला काही हजार रुपये लागतात. कुणी आल्याआल्या एमआरआय लिहून दिला तर ‘यातून काय कळेल आणि त्यानं उपचार बदलतील का’ हे विचारायला संकोच करू नका. हात थरथरणं म्हणजे कंपवातच असंही नाही. चहाचा कप धरल्यावर, सही करताना जास्त थरथरणं हा पुष्कळदा वेगळाच प्रकार असतो. त्याची औषधं वेगळी.

म्हणून निदान पक्कं करायला एकदा मेंदूविकारतज्ज्ञाकडे, म्हणजे न्यूरोलॉजिस्टकडे जाणं हा वाजवी खर्च आहे. पुढची दहा-पंधरा वर्षं ज्या गोळ्यांवर काढायची, त्यांचा पाया त्या भेटीत घातला जातो.

कुठे जायचं? हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, तेव्हा पहिली चौकशी तिथेच करा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयं त्या निर्णयात येत नाहीत. हिंगोलीत आता दोन्ही एकमेकांना जोडलेलं असल्यानं केस पेपरला काय लागतं, हे खिडकीवर विचारलेलं बरं. त्यापुढचा शासकीय पर्याय नांदेडच्या विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. वसमतकरांना ते जवळ, सेनगावच्या माणसाला मात्र दिवस मोडतो. निघण्याआधी न्यूरोलॉजिस्ट बसतात का आणि कोणत्या वारी, हे फोनवर विचारून घ्या. वार चुकला की तिकीट, जेवण, सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी, सगळं पाण्यात. पेशंटचे हाल वेगळेच.

एसटीचा हिशोब घरच्यांनी पक्का ठेवावा. वयाची ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धं. म्हणजे ऐंशीच्या आजोबांना घेऊन सून नांदेडला गेली तर दोघांत मिळून अर्धं तिकीट. आधार कार्ड तेवढं विसरू नका. पेशंटला बसमध्ये चढता येत नसेल तर गाडी करावी लागते आणि तिथे सगळा हिशोब बदलतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: पुढचं दाखवणं फोनवर किंवा व्हिडिओवर चालेल का? गोळी कमी-जास्त करायची तर गावाजवळच्या एमडी डॉक्टरांना चिठ्ठी देता का? बरेच डॉक्टर याला तयार असतात. आपण विचारत नाही म्हणून राहून जातं. सरकारची ई-संजीवनी ही फुकट सेवाही आहे. किरकोळ शंकेसाठी ती पुरते, निदानासाठी नाही.

स्ट्रिप वाचायला शिका

आता खुद्द गोळी. मेडिकलवर सिंडोपा, टिडोमेट ही नावं सर्रास चालतात. सिंडोपाच्या नावापुढे ११०, १२५, २७५ असे आकडे असतात. ही बेरीज आहे. ११० म्हणजे लेव्होडोपा १०० मिलिग्रॅम आणि कार्बिडोपा १०. १२५ म्हणजे लेव्होडोपा १०० आणि कार्बिडोपा २५. २७५ म्हणजे लेव्होडोपा २५० आणि कार्बिडोपा २५.

वरवर बघता ११० आणि १२५ मध्ये फरक क्षुल्लक वाटतो, पण इथेच गफलत होते. लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधीच अंगात खर्च होऊ नये म्हणून कार्बिडोपा असतं. त्याची दिवसाची मात्रा ७०-७५ मिलिग्रॅमच्या खाली गेली की बऱ्याच जणांना मळमळ आणि उलट्या होतात. १२५ ची गोळी तीनदा घेतली तर कार्बिडोपा ७५ होतं, ११० ची तीनदा घेतली तर फक्त ३०. दुकानात १२५ नव्हती म्हणून ‘सारखंच आहे’ म्हणत ११० हातात पडली, की पेशंट उलट्या करू लागतो. मग गावातल्या दवाखान्यात उलटीचं इंजेक्शन मिळतं, ते नेमकं मेटोक्लोप्रामाइडचं असतं, आणि माणूस लाकडासारखा कडक होतो. घरचे म्हणतात, गोळी सोसली नाही. गोळी बंद, पुन्हा नांदेड, पुन्हा नवी फाइल. गोळीमागे काही पैशांच्या फरकातून हे रामायण घडतं.

दुसरी गफलत ‘सीआर’ या दोन अक्षरांची. ही सावकाश विरघळणारी गोळी. १२५ चा आकडा साध्या गोळीवरही असतो आणि सीआरवरही. साधी अर्ध्या-एक तासात काम दाखवते, सीआर हळू चढते. सीआर महाग असते, आणि ती चावायची किंवा कुटायची नाही. चिठ्ठीवर साधी लिहिली असेल तर सीआर घेऊ नका, उलटही नको. घरी आल्यावर जुनी आणि नवी स्ट्रिप शेजारी ठेवून मागची बारीक अक्षरं जुळवून बघायला मिनिटही लागत नाही.

स्ट्रिपच्या छापील किमतीवरून स्वस्त-महाग ठरवू नका. एका कंपनीची स्ट्रिप १० गोळ्यांची, दुसरीची १५ ची. किमतीला गोळ्यांनी भागा. सरकारी कमाल किंमत बघायची तर औषध किंमत प्राधिकरणाचं ‘फार्मा सही दाम’ हे ॲप आहे. यादीतल्या औषधांच्या किमती दर एप्रिलमध्ये घाऊक महागाईनुसार हलतात. यादीबाहेरच्या औषधांना वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढ करता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या छापील दराचा माल असेल तर आजचा दर विचारा. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर बिल मागा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर कळवा.

जनऔषधी की ब्रँड?

जनऔषधी केंद्रातली औषधं ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असतात, असं सरकार सांगतं. कंपवाताच्या बाबतीत माझं मत सरळ आहे: साध्या लेव्होडोपात मुळात बचत थोडी, महागड्या जोडगोळ्यांत जास्त. जवळचं केंद्र आणि दर ‘जनऔषधी सुगम’ या ॲपवर दिसतात. पण गोळी आज आहे, पुढच्या महिन्यात नाही, असं झालं तर फायद्यापेक्षा त्रासच. दर महिन्याला कंपनी बदलू नका. एक ठरवा, तीच चालवा. बदलायची असेल तर डॉक्टरांना सांगून बदला आणि पहिले आठ-दहा दिवस पेशंटकडे लक्ष ठेवा.

तालुक्याच्या गावी ‘मागवून देतो’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून घरात पंधरा दिवसांचा साठा कायम असू द्या. पोळ्याच्या आणि दिवाळीच्या आधी जरा जास्त. ही गोळी एकाएकी तोडली तर ताप चढून, अंग कडक होऊन जिवावर बेतू शकतं. चार दिवस गोळी नसण्याचा खर्च दवाखान्याच्या बिलात मोजावा लागतो.

वेळ पाळा, ते फुकट आहे

लेव्होडोपा आणि जेवणातली प्रथिनं आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना एकाच दारातून जातात. म्हणून गोळी जेवणाआधी किमान अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभरानं, पाण्याबरोबर. दुधाबरोबर नाही. सकाळी चहा-दुधाबरोबर गोळी, दुपारी भाकरी आणि तुरीच्या घट्ट वरणावर गोळी, रात्री शेंगदाण्याची चटणी आणि वर गोळी, असं चाललं तर अर्धी गोळी वाया. वरण बंद करायचं नाही, आधीच वजन घटत असतं. वेळ सांभाळायची. प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात ढकलावा, असं काही डॉक्टर सांगतात. रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लेव्होडोपात दोन तासांचं अंतर ठेवा. पोट साफ नसेल तरी गोळीचा परिणाम उशिरा येतो, आणि बद्धकोष्ठ तर या आजाराचा सोबतीच. सुरुवातीला मळमळलंच तर एखादा खारा बिस्किटाचा तुकडा चालतो.

मोबाइलवर गजर लावा. शेताकडे जाणारा माणूस असेल तर एक गोळी डबीत घालून बरोबर द्या. एका वहीत दोन ओळी रोज लिहा: गोळी किती वाजता घेतली, हात-पाय किती वाजता मोकळे झाले, कधी पुन्हा जड पडले. ही वही बघून डॉक्टरांना जे कळतं, ते पाच हजारांच्या स्कॅनमध्ये दिसत नाही.

बिल फुगतं ते इथे

चार-पाच वर्षांनी एका गोळीचा परिणाम पुढच्या गोळीपर्यंत टिकेनासा होतो. मग वेळा वाढतात आणि जोडगोळ्या येतात. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल, रासाजिलिन, एन्टाकापोन, अमँटाडिन, अलीकडे साफिनामाइड. यांचे दर गोळीला साधारण दहा रुपयांपासून तीसपर्यंत, आणि ब्रँडगणिक दुपटीचा फरक. नमुन्यादाखल दर धरून बघा: लेव्होडोपा दिवसाला पाच, तीन रुपयांनी, महिन्याला ४५० रुपये. एन्टाकापोन दिवसाला चार, वीस रुपयांनी, २४०० रुपये. प्रॅमिपेक्सोल दिवसाला तीन, दहा रुपयांनी, ९०० रुपये. एकूण ३७५०. मूळ औषधाचा वाटा त्यात आठवा हिस्साही नाही.

जोडगोळ्या खोट्या नाहीत. कित्येकांना त्यांनीच दिवसाचे दोन-तीन मोकळे तास परत मिळतात. पण नवी गोळी लिहिली की विचारा: ही कशासाठी, फरक किती दिवसांत दिसेल, नाही दिसला तर बंद करायची का? आणि त्याआधी वरची वेळेची शिस्त खरोखर पाळली गेली का, हे स्वतःला विचारा. परवडणार नसेल तर तसं तोंडावर सांगा. डॉक्टरांकडे बहुधा दुसरी तोड असते. लाजेपोटी अर्ध्या गोळ्या आणून मधूनमधून घेणं सगळ्यात वाईट.

दोन इशारे मात्र घरच्यांसाठी. प्रॅमिपेक्सोल-रोपिनिरोलवर काही जणांना अचानक झोप लागते, काहींना जुगाराची, खरेदीची अनावर ओढ लागते. जन्मभर पै-पै जपलेला माणूस पत्त्यांत किंवा मोबाइलवरच्या खेळात पेन्शन उडवू लागला, तर त्याला बोल लावण्याआधी डॉक्टरांना फोन करा. रासाजिलिन चालू असेल तर ट्रॅमाडोलची वेदनाशामक गोळी आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं खोकल्याचं औषध सांगितल्याशिवाय घेऊ नका.

ट्रायहेक्सीफेनिडिल, म्हणजे पॅसिटेन, हे वेगळं प्रकरण. अगदी स्वस्त, आणि मानसोपचार विभागाला लागत असल्यानं सरकारी दवाखान्यात बऱ्याचदा फुकटही मिळतं. तरुण पेशंटच्या थरथरीला त्याचा उपयोग होतो. सत्तरीपुढे मात्र त्यानं विसराळूपणा, भास, लघवी अडणं सुरू होतं. फुकट मिळतंय म्हणून म्हाताऱ्या माणसाला चालू ठेवू नका.

मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया, डीबीएस, मुंबई-पुण्यात होते. खर्च लाखांत जातो आणि ती मोजक्याच पेशंटना लागू पडते. ज्याला लेव्होडोपानं फरकच पडत नाही, त्याला सहसा तीही उपयोगी पडत नाही. शेत विकण्याचा विचार करण्याआधी एवढं ऐकून ठेवा.

कोणती योजना कशाला

महात्मा फुले जन आरोग्य योजना, आयुष्मान कार्ड, ७० वर्षांवरील वय वंदना कार्ड: ही भरती झाल्यावरची कामं. दर महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत, तेव्हा त्या आशेवर चकरा मारू नका. पार्किन्सन्स मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. तपासणीत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व ठरलं की यूडीआयडी कार्ड मिळतं, त्यावर एसटीत ७५ टक्के सवलत, आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर संजय गांधी निराधार योजनेचा महिन्याचा पगार. गोळीचा आणि वाहन भाड्याचा बराच भार त्यातून निघतो. दिव्यांगत्व तपासणाऱ्या बोर्डापुढे जाताना वर सांगितलेली वही न्या. पेशंट गोळी घेऊन ताठ चालत आत गेला तर टक्केवारी कमी भरते, म्हणून गोळी उतरल्यावर काय होतं, ते डॉक्टरांना सांगा.

नोकरदार मुलगा-मुलगी आयकर भरत असतील आणि जुनी करप्रणाली निवडली असेल, तर ४० टक्क्यांवरच्या कंपवाताच्या उपचारखर्चावर ८०-डीडीबी नावानं ओळखली जाणारी वजावट मिळते: ज्येष्ठ पेशंटसाठी एक लाख रुपयांपर्यंत. न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी लागते.

खाजकुयली आणि डबेवाले

खाजकुयलीच्या, म्हणजे कवचबीजाच्या, बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, साधारण पाच टक्क्यांच्या आसपास. त्याची तयार पावडरही बाजारात आहे. म्हणून ती थोतांड नाही, पण हिशोब करून बघा. एक ग्रॅम पावडरीत लेव्होडोपा सुमारे ५० मिलिग्रॅम, आणि सोबत कार्बिडोपा नसल्यानं मात्रा चार-पाच पट लागते. एका १२५ च्या गोळीइतका परिणाम हवा तर आठ-दहा ग्रॅम पावडर. डब्याच्या किमतीला या आकड्यानं भागा, आणि तिची बरोबरी तीन रुपयांच्या गोळीशी करा. गोळीबरोबर न सांगता पावडर चालू केली तर मात्रा वाढून अंग वेडंवाकडं हलू लागतं, भास होतात. जो डबा आतली औषधं छापत नाही आणि महिन्याभरात कंपवात मुळापासून जाईल असं सांगतो, त्याला तर दारातही उभं करू नका.

राहिली एक गोष्ट, दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर. मोतीबिंदू असो, मांडीचं हाड मोडलेलं असो, घरच्या गोळ्या आणि वेळांचा कागद पेशंटच्या उशाशी हवा. वॉर्डात सकाळ-दुपार-रात्र अशा वेळा असतात. कंपवाताच्या माणसाची गोळी साडेदहाची असेल तर ती साडेदहालाच. ऑपरेशनच्या आधी ‘तोंडातून काही नाही’ सांगितलं, तर भूलतज्ज्ञांना विचारा: घोटभर पाण्याबरोबर ही गोळी देऊ का? उलटी झालीच तर मेटोक्लोप्रामाइड आणि स्टेमेटिल नको, हे केस पेपरवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.